चाचांना विचारणे

चाचांचा हजला नंबर लागल्याची बातमी फाउंड्रीत आली, तेव्हा आधी सगळ्यांनी त्यांना मिठ्या मारल्या आणि पाचेक मिनिटांनी सगळ्यांचे चेहरे पडले. आनंद खरा होता आणि चेहरे पडले तेही खरंच होतं. चाचा चाळीस दिवस नसणार, म्हणजे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या त्या फाउंड्रीत कुठली वस्तू कुठे आहे हे सांगणारं कुणीच चाळीस दिवस नसणार.

मी तिथली नोकरदार नव्हे. बाहेरून येऊन सर्व्हर बघणारी बाई. एमआयडीसीतल्या सात-आठ कारखान्यांचे सर्व्हर माझ्या गळ्यात आहेत. ते बंद पडले की मला फोन येतो, चालू असले की माझी आठवण कुणालाही होत नाही. वय पन्नाशीपुढे, स्वभाव तापट, आणि माझ्या कामात कुणी खोट काढलेली मला खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या स्वभावाचा वाटा बराच आहे.

फाउंड्रीचं काम तसं सांगायला सोपं. ज्या आकाराचा लोखंडी भाग हवा, त्याच आकाराचा लाकडी नमुना करायचा. त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा, आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. काम झालं की पॅटर्न झाडून-पुसून स्टोअरमध्ये ठेवायचा, कारण तोच भाग मागायला गिऱ्हाईक पुन्हा येणारच. ते सहा महिन्यांनी येतं, नाहीतर सोळा वर्षांनी. तीस वर्षांत अशा तीन हजारांवर पॅटर्नांनी ती लांबलचक पत्र्याची शेड भरून गेली होती, आणि त्यातला प्रत्येक पॅटर्न कुठे आहे हे एकट्या चाचांना माहीत होतं. ते मूळचे पॅटर्न करणारे कारागीर. हात थरथरू लागला तेव्हा मालकांनी त्यांना स्टोअर दिलं, आणि तेव्हापासून त्यांना सुट्टी कशी ती मिळालीच नाही.

म्हणजे कागदोपत्री मिळायची. पण सुट्टीत फोन यायचा. मुलीच्या निकाहात एका हाताने पाहुण्यांना पानसुपारी देत दुसऱ्या हातातल्या फोनवर ते कुणाला तरी चौथ्या मांडणीची वाट सांगत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं ठेवून बसलेले असताना फोन आला, तेव्हा नुसते हुंकार देऊन त्यांनी पॅटर्न सापडवून दिला म्हणे. ही गोष्ट सांगणारा मोल्डिंगचा फोरमन होता आणि तो थोडं वाढवून सांगतो, पण फार नाही.

तर नंबर लागल्यावर चाचा मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानेच म्हणाले, "मालक, तीस वर्सांत म्या काय मागितलं न्हाय. आता एकच मागतो. चाळीस दिस मला एक फोन यायचा न्हाय."

मालक म्हणाले, "चाचा, असं कसं म्हंतासा? अडलं तर काय करायचं आम्ही?"

"त्ये तुमी बघा. तितं मी अल्लाच्या दारात हुबा असणार. त्या टायमाला खिशात वाजलं आन फोरमन म्हनला, चाचा बेडूक कुठाय, तर मी काय करू?"

बेडूक हे एका पंपाच्या झाकणाचं फाउंड्रीतलं नाव. मालकांना हसू आलं, पण चाचांचे डोळे भरलेले दिसले आणि त्यांनी हसू गिळलं. त्याच दुपारी मला बोलावणं आलं.

मालकांचं म्हणणं थोडक्यात असं, की चाचांच्या डोक्यात जे आहे ते कॉम्प्युटरमध्ये घाला. मी म्हटलं, त्यात काय! तुमच्याकडे पॅटर्नची रजिस्टरं आहेत ना? आठ जाडजूड रजिस्टरं होती. ती टाइप करून घ्या, मी सर्व्हरवर सर्च इंजिन बसवते, कुणीही नाव टाकलं की पॅटर्न कुठल्या मांडणीत आहे ते पुढ्यात. चाचा बाजूच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी विचारलं, "नक्की न्हवं मॅडम? एक फोन न्हाय?"

"एकही नाही चाचा. माझा शब्द."

शब्द देताना माणसाने दोन घटका थांबावं, हे मला अजून जमलेलं नाही.

सर्च इंजिन म्हटलं की लोकांना वाटतं, सगळं जग शोधणारं काहीतरी अवाढव्य. पण त्याची छोटी भावंडं आपल्या सर्व्हरवर बसवता येतात, आणि ती काम करतात पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या सूचीसारखं. कुठला शब्द कुठल्या नोंदीत आला हे आधीच लिहून ठेवायचं, म्हणजे शोधायच्या वेळी सगळं चाळत बसावं लागत नाही. मी एका दिवसात ते उतरवून घेतलं, बसवलं, सेवा चालू केली, सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला तर तीही आपोआप चालू व्हावी अशी तजवीज केली. बसल्या बसल्या त्याने सर्व्हरची अर्धी मेमरी मागून घेतली. घरात आल्या दिवशीच अर्धी खोली अडवणारा जावई म्हणावा तसं. मी दिली, कारण कामाचा जावई होता.

मालकांच्या मशीनवर मी इंजिनची तब्येत दाखवणारं एक पान उघडून दिलं. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गडबड. आमचा दिवा पिवळा लागला.

"पिवळा का हो मॅडम?" मालकांनी विचारलं.

"सगळं ठीक आहे, पण सगळ्याची एकच प्रत आहे. दुसरी प्रत ठेवायला दुसरं मशीन लागतं, ते आपल्याकडे नाही. हे एक गेलं तर सगळं गेलं, एवढंच तो सांगतोय."

"म्हंजे आमच्या चाचांसारखं," मालक म्हणाले.

रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, आज पण पिवळाच हाय, कावीळ झाली काय त्याला? शेवटी वैतागून मी इंजिनला सांगितलं की दुसऱ्या प्रतीची अपेक्षाच ठेवू नकोस. त्याबरोबर दिवा हिरवा झाला. मालक इतके खूश झाले की त्यांनी स्टाफला मिसळ मागवली. खरं तर सुधारलं काहीच नव्हतं. आम्ही फक्त काळजी करणं बंद केलं होतं.

रजिस्टरं टाइप होऊन आली. त्यात काय लिहिलंय हे मी बघितलं नाही. मी मशीन बघते, आत काय घातलंय ते ज्याचं त्याने बघावं, असा माझा जुना बाणा. नोंदी इंजिनच्या हवाली केल्या आणि उद्घाटनाचा दिवस ठरवला. चाचा निघायला साडेतीन आठवडे होते.

त्या दिवशी फोरमनने सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं आणि जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हटलं. चाचांनी हळूच बिस्मिल्ला म्हटलं. मालकांनी सांगितलं, पहिला शोध फोरमनने घ्यायचा. फोरमनचे हात वाळू आणि लोखंडातले. त्याने एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाइप केलं. आम्ही सगळे पाठीमागे उभे. त्याने लिहिलं, "चाचा बेडूक कुठं हाय".

मी म्हटलं, "अहो, नुसतं बेडूक लिहा. मशीनला चाचा कशाला म्हणता?"

"सवय हाय मॅडम," तो म्हणाला आणि एंटर दाबलं.

डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. बेडूक, दोन भागांत, लाकडी. जागा: चाचांना विचारणे.

 मग फोरमनने दुसरा पॅटर्न टाकला. जागा: चाचांना विचारणे. तिसरा. जागा: चाचांना विचारणे.

मी रजिस्टरं मागवली आणि पहिल्यांदा उघडून बघितली. सुरुवातीच्या दीडेक रजिस्टरात "मांडणी तीन, खालचा खण" असं शिस्तीत लिहिलेलं होतं. नंतर कधीतरी एका कारकुनाला कंटाळा आला असावा, आणि त्याने जागेच्या रकान्यात लिहिलं, चाचांना विचारणे. पुढच्या कारकुनाने ते बघून तसंच लिहिलं. त्याच्या पुढच्याने तर खाली दोन रेघा मारून पानभर "वरीलप्रमाणे" करून टाकलं. टाइप करणाऱ्यांनी इमानदारीने त्या रेघांच्या जागी पूर्ण वाक्य भरलं होतं. वर आमचे लोक प्रत्येक शोधाची सुरुवात "चाचा" ने करणार, आणि इंजिनचा न्याय सरळ असतो, विचारलेले शब्द जिथे जास्त सापडतील ते उत्तर वर. त्यामुळे ज्या थोड्या नोंदींत खरी जागा लिहिली होती, त्यासुद्धा तळाला गेल्या होत्या. इतकं महागाचं डोकं लावून मी एका सेकंदाच्या शंभराव्या भागात चाचांकडे बोट दाखवणारं यंत्र उभं केलं होतं.

मग मात्र हशा पिकला. मालक हसले, फोरमन खुर्चीवरून पडायचा राहिला. मीही हसले, दात ओठ खात. हसले नाहीत ते चाचा. ते कधी बाहेर गेले कळलं नाही. मी मागे गेले तर स्टोअरच्या दारात, उंबऱ्यावर बसले होते.

"मॅडम," ते म्हणाले, "हितं समदे हसाय लागलेत. पर बीबीनं गुडघ्याच्या गोळ्या घेऊन चालायची प्रॅक्टिस सुरू केलीया. आमी दोघं जाणार हाय. तिला म्या शबुद दिलाय, तितं मी तिच्यासंगं असणार, फाउंड्रीसंगं न्हाय."

मला माझीच लाज वाटली. मी तिथेच उंबऱ्यावर त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "चाचा, उद्यापासून मी वही घेऊन येते. तुम्ही सांगा, मी लिहिते."

दुसऱ्या दिवशी मी वही, खुर्ची, चहा असा सगळा सरंजाम मांडला आणि विचारलं, "बेडूक कुठे आहे?" चाचा विचारात पडले. मान वर केली, खाली केली. "सांगता येत न्हाय," म्हणाले.

"म्हणजे? तुम्हालाही माहीत नाही?"

"म्हाईत हाय की! पर असं बसून न्हाय सांगता येत. चला." आणि ते उठून तरातरा चालू लागले. उजवीकडे वळले, मोडक्या कोअर बॉक्सच्या, म्हणजे भागाच्या आतली पोकळी घडवणाऱ्या साच्यांच्या, ढिगाला वळसा घातला, वाकले आणि हात घालून बेडूक बाहेर काढला. "ह्यो बघा. आता लिवा."

चाचांना जागा ठाऊक नव्हत्या, वाटा ठाऊक होत्या. त्यामुळे पुढचे तीन आठवडे मी त्यांच्यामागून चालले. मांडण्यांना आम्ही रंगाने आकडे टाकले, खणांना अक्षरं दिली. ते हात लावायचे, मी मोबाइलवर त्याच नोंदीत जागा भरायची. मी स्वतःच त्यासाठी एक छोटा फॉर्म केला होता. भरलं की खाली "जतन झाले" असं यायचं. रोज दीडेकशे पॅटर्न. काळी भुकटी नाकात, कानात, डब्यातल्या पोळीत.

कामापेक्षा आमची भांडणंच जास्त व्हायची. मी म्हणायची, एकाच गिऱ्हाइकाचे पॅटर्न एका मांडणीत हवेत. ते म्हणायचे, "न्हाय. ह्येला त्याच्याशेजारी ठेवला की कडा झिजत्यात." मी म्हणायची, पॅटर्नला ड्रॉइंगचा नंबर आहे, तो का वापरत नाही? ते म्हणायचे, "तुमच्या घरी पोरांना आधारच्या नंबरानं हाका मारतासा काय?" तेव्हा मी टोपणनावांची वेगळी यादी केली आणि इंजिनला शिकवली. बेडूक म्हणजे अमुक नंबर, उंटाची मान म्हणजे तमुक. सासू नावाचाही एक पॅटर्न होता. चौघांशिवाय उचलत नाही आणि कुठेही ठेवला तरी वाटेतच येतो. ते नाव कुणी ठेवलं हे चाचांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या सासूबाई वारल्यावरच ते रूढ झालं एवढं कबूल केलं.

आणखी एक काम मी गुपचूप उरकलं. इंजिनला काही शब्द दुर्लक्ष करायला सांगता येतात, म्हणजे शोधताना ते शब्द आलेच नाहीत असं ते समजतं. त्या यादीत मी "चाचा" हा शब्द घातला. लोक तो टाइप करणं सोडणार नव्हते, म्हणून. पण घालताना जरा अपराधी वाटलं खरं.

शेवटचा दिवस माळ्याचा होता. स्टोअरच्या मागच्या अंगाला फळ्यांचा माळा आहे, वर सगळ्यांत जुना माल. चाचांचा गुडघा शिडी चढायला तयार नव्हता. मी म्हटलं राहू दे, तर म्हणाले, "मॅडम, ऱ्हायलं तर त्योच मागतील." चढले. वर जाऊन एका लांबड्या खोक्यावर बसले, दम खाल्ला. मी खालून चहा आणला. दुपारपर्यंत माळाही झाला. प्रत्येक नोंदीखाली "जतन झाले". उतरताना चाचांनी तुळईला हात लावला, तसाच कपाळाला लावला. मग सगळ्यांनी त्यांना हार घातले, आणि ते गेले.

ते जायच्या आधी मी मालकांकडून आणि फोरमनकडून वचन घेतलं, चाचांना फोन नाही. फोरमनने भट्टीची शपथ घेतली.

पहिला आठवडा मी रोज शोधांची नोंद बघत होते. कुणी काय टाइप केलं आणि किती उत्तरं मिळाली, ते सर्व्हर लिहून ठेवतो. सगळं चाललं होतं. म्हणजे चालण्याची पद्धत आमचीच. "चाचा सासू कुठं हाय", "चाचा त्यो परवाचा कडं मोडलेला", "चाचा जेवला का". या शेवटच्या शोधाला उत्तरं शून्य. "चाचा आज लई गरम हाय", उत्तरं शून्य. पण पॅटर्न सापडत होते, ओतकाम अडत नव्हतं, आणि मालक एमआयडीसीभर सांगत फिरत होते की आमच्याकडं मशीन शोधतंय. मी कॉलर ताठ करून हिंडत होते.

चाचा जाऊन अठरा-एकोणीस दिवस झाले असतील. एका साखर कारखान्याची पावसाळ्यातली दुरुस्ती निघाली होती, त्यांना पंपाचा एक जुना वाकडा भाग तातडीने हवा होता. उंटाची मान. फोरमनने टाइप केलं. नोंद आली, नंबर आला, पण जागेच्या रकान्यात: चाचांना विचारणे.

मी योगायोगाने तिथेच होते, दुसऱ्या कामाला आले होते. मालकांनी स्क्रीन बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि टेबलावरचा फोन उचलला.

"तिथं आता किती वाजलं असतील?" ते म्हणाले.

"मालक, अर्धा तास द्या. सर्व्हरची किरकोळ दुरुस्ती आहे," मी म्हटलं. हे धादांत खोटं होतं. काय बिघडलंय याचा मला पत्ता नव्हता.

सर्व्हरच्या खोलीत जाऊन बघते तर डिस्क काठोकाठ भरलेली. आता यातली गंमत कोल्हापूरकरालाच कळेल. पावसाळ्यात आम्ही सकाळी उठून दात घासायच्या आधी पंचगंगेच्या बंधाऱ्यावर पाणी किती फूट ते बघतो. एकोणचाळीसला इशारा पातळी, त्रेचाळीसला धोका पातळी. या सर्च इंजिनलाही नेमक्या अशाच पातळ्या असतात. डिस्क भरत आली की पहिला इशारा, आणखी भरली की दुसरा, आणि त्यावर पूर. त्याच्या भाषेतही त्याला पूरच म्हणतात. पूर आला की ते इंजिन दारं लावून घेतं. आत आहे ते वाचून दाखवतं, नवीन काही लिहून घेत नाही. दोन्ही इशारे मला मेलने आले होते. सर्व्हरची मेल येऊन येऊन जीव नको करतात, म्हणून मी त्यांना एका बाजूच्या कप्प्यात टाकायची सोय केली होती आणि तो कप्पा दोन महिने उघडला नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

डिस्क भरली कशाने? मालकांच्या चिरंजिवांच्या लग्नाच्या व्हिडिओंनी. हळदीपासून वरातीपर्यंत, ड्रोनवरून घेतलेले सगळे. मालकांनी ते सुरक्षित राहावेत म्हणून सर्व्हरवर टाकले होते, चाचांच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्याच संध्याकाळी. म्हणजे आम्ही माळ्यावर बसून भरलेली एकही नोंद इंजिनने घेतली नव्हती. त्याने प्रत्येक वेळी नाही म्हटलं होतं. पण मी केलेला फॉर्म इंजिनचं उत्तर ऐकून न घेताच "जतन झाले" म्हणत होता. व्हिडिओ मालकांचे होते, पण चूक शंभर टक्के माझी होती. त्या दिवशी चाचा दुखरा गुडघा घेऊन शिडी चढले होते ते वाया गेलं, या विचाराने मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं.

मी डोळे पुसले आणि स्टोअरकडे गेले. शिडी चढले. वर साठ-सत्तर पॅटर्न, सगळे धुळीत सारखेच काळे. काहीच आठवेना. खाली फोरमन उभा. "मॅडम, लावू का फोन?"

"थांबा हो! हात लावाल तर बघा."

मग मी ते केलं जे चाचांनी पहिल्या दिवशी केलं होतं. आठवायचं सोडलं आणि त्यांच्या मागून चालल्यासारखी चालले. इथे ते वाकले, डोकं आपटू नये म्हणून. इथे तुळईला धरलं. इथे दम लागला म्हणून बसले, आणि मी चहा आणायला वळले तेव्हा म्हणाले होते, "उंटावर बसलोय मॅडम, मक्केलाच निघालोय जणू." त्या लांबड्या खोक्याचं झाकण मी काढलं. आत उंटाची मान.

ओतकाम होऊन भाग वेळेत गेला. मालक जमलेल्यांना म्हणाले, "बघा, मशीननं थोडा टाइम घेतला, पर सापडवलं का न्हाय?" आणि मी, जिला चूक झाकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त राग येतो, गप्प बसले. व्हिडिओ दुसरीकडे हलवले, इंजिनची दारं उघडली, फॉर्म दुरुस्त केला, आणि दोन दिवस एकटी माळ्यावर बसून, धूळ पुसून एकेका पॅटर्नवरचा नंबर वाचत सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या. कुणाला काही कळलं नाही. चाचांना फोन गेला नाही, शब्द पाळला गेला, मग उगाच बोभाटा कशाला, असं स्वतःला समजावलं.

चाचा परतले तेव्हा पंचगंगेचं पाणी चढायला लागलं होतं. डोक्यावर नवी पांढरी टोपी, हातात खजुराचा डबा आणि जमजमच्या पाण्याची बाटली. सगळे ऑफिसात गोळा झाले. खजूर वाटून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कसं चाललंय माझ्याबिगर?"

मालक छाती फुगवून म्हणाले, "एकदम झकास! चाळीस दिवसांत एकदाबी अडलं न्हाय!"

"एकदाबी न्हाय?"

"एकदाबी न्हाय!"

"अल्हम्दुलिल्ला," चाचा म्हणाले. मग डब्याचं झाकण लावत बसले. ते लागत होतं तरी पुन्हा काढून लावत होते. "बरं झालं. लई बरं झालं. पयले आठ-धा दिस मलाबी लई बरं वाटलं. बीबीसंगं फिरलो, समदं केलं. मंग बीबीच म्हनली, अवो, फोन बंद पडलाय वाटतं तुमचा. तिनं तिच्या फोनवरनं लावून बघितला." ते थोडे हसले. "वाजला की."

ऑफिसात सगळे हसले. मी चाचांकडे बघत होते. फोन नको म्हणून डोळ्यांत पाणी आणणारा हा माणूस, आणि आज त्याच्या तोंडावर कशाचं सावट होतं ते मला बरोबर कळलं, कारण माझा धंदाच तो आहे. सगळं सुरळीत चाललं की ज्याची आठवण होत नाही, त्याचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

"अडलं होतं चाचा," मी म्हटलं.

मालक दचकले. मी थांबले नाही. डिस्क, मेल, माझा खोटं बोलणारा फॉर्म, किरकोळ दुरुस्तीची थाप, सगळं सगळ्यांसमोर सांगितलं. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. लग्नाच्या व्हिडिओंचं आलं तेव्हा मालक खिडकीबाहेर बघू लागले. पण चाचा पुढे पुढे सरकत होते.

"माळ्यावरचं व्हय? मंग?"

"मग तुम्ही जसे चालला होता तशी चालले. तुम्ही बसला होता ते खोकं उघडलं."

"उंटाची मान!" चाचांनी मांडीवर थाप मारली. टोपी तिरकी झाली, तोंडभर हसले, आणि चाळीस दिवसांचा थकवा पुसल्यासारखा झाला. "म्हटलं की! त्योच मागतील, म्हटलं हुतं का न्हाय?" आणि मग एकदम रागावून, "तर मंग मला फोन का न्हाय केलासा?"

"अहो, तुम्हीच तर म्हणाला होता..."

"म्या म्हनलो हुतो. पर तुमी करायचा की एक! मी वाट बगत हुतो मॅडम."

मी डब्यातला आणखी एक खजूर उचलून तोंडात टाकला. 

चाचा त्याच महिन्यात कामावरून निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मला येक सांगा. काय बी सापडलं न्हाय तर ह्ये काय लिवतंय?"

मी दाखवलं. उत्तरं शून्य आली की पान लिहायचं, "काहीही सापडले नाही."

"ह्ये काय उत्तर झालं? मानसानं मंग करायचं काय?"

मी ती ओळ त्यांच्यासमोरच बदलली. आता काही सापडलं नाही की तिथे येतं, "चाचांना विचारणे", आणि खाली त्यांचा मोबाइल नंबर. चाचांनी तो दोनदा वाचून, आकडा आकडा ताडून बघितला.

परवा दुपारी मी नेहमीसारखी शोधांची नोंद चाळत होते. इशाऱ्यांची मेलही आता रोज बघते. सकाळी अकरा वाजता एक शोध झाला होता, "चाचा जेवला का". उत्तरं शून्य. म्हणजे पानावर चाचांचा नंबर आला असणार. कुठल्या मशीनवरून ते बघितलं, तर मालकांच्या. फोरमनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मालक अकरापास्नं फोनवर हायत, आत कुणाला सोडू नका म्हटलंय.